मुळा-प्रवरेच्या दरडी आणि गतकाळचा पाऊस

राहुरी तालुक्यातील जुन्या माणसांशी बोलू लागले की काळाचा हिशेब सनावळीने होत नाही, दुष्काळाने होतो. अमक्याचे लग्न बहात्तरच्या आधीचे, तमक्याची विहीर बहात्तरच्या दुष्काळात खोदलेली, असे बोलण्यात सहज येते. त्यामागे १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ आहेत. ते आता कोणाच्या आठवणीत नाहीत. सरकारी कागदांत आणि धर्मगुरूंच्या पत्रव्यवहारात आहेत. आणखी मागे गेलो की १३९६ पासून दख्खनला छळणारा दुर्गादेवीचा दुष्काळ लागतो. तो बखरींतून आणि लोककथांतून आपल्यापर्यंत आला. त्याच्याही पलीकडे माणसाची स्मृती थांबते. त्या पलीकडच्या पावसाचा वृत्तांत कोणी लिहून ठेवला आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल; पण तो वृत्तांत लिहिलेला आहे, आणि तो आमच्याच मुळा-प्रवरेच्या दरडींत आहे. अडचण आहे ती वाचनाची. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत विद्वानांनी तो एकदा वाचला, मग पुसला, मग उलट वाचला. त्या वाचनाची हकीगत येथे सांगावयाची आहे.

प्रथम नद्यांविषयी. मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावते, प्रवरा रतनगडाजवळ. दोघींचे माहेर अकोले तालुक्यातील घाटमाथा. तेथे वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला राहुरीत जेमतेम पाचशेच्या आसपास. पुढे मुळा प्रवरेला आणि प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे आमच्या शिवारातून वाहते ते पाणी आमच्या आभाळातले नव्हे. बारागाव नांदूरचे मुळा धरण भरले की राहुरीकर समाधानाने झोपतो, मग गावात थेंब पडो न पडो. ईजिप्तची नाईल अशीच आहे. तिचा पूर इथिओपियाच्या डोंगरांवरच्या मोसमी पावसाचा. योसेफाने फारोच्या स्वप्नातील सात रोड गाईंचा अर्थ सांगितला, त्या कथेतील भीती अशाच दूरच्या पावसावर जगणाऱ्या देशाची भीती आहे. हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण नदीने ठेवलेली नोंद तिच्या साऱ्या खोऱ्याच्या पावसाची असते, एका गावाच्या पावसाची नसते.

नेवाशाला किंवा संगमनेरला नदीच्या पात्रात उतरून काठाकडे पाहावे. पंधरा-वीस मीटर उंचीची उभी दरड दिसते. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर-तपकिरी गाळ, त्यात ठिकठिकाणी चुनखडीचे पांढरे गोळे. मध्येच वाळूचा पट्टा. अगदी तळाशी चुन्याने सिमेंटसारखा सांधलेला दगडगोट्यांचा थर, आणि त्याखाली आपला काळा पाषाण. तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. विहिरी खोदणाऱ्यांना हा क्रम पाठ असतो. त्यातील खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही उघड वाटते. परंतु ती शास्त्राचा नियम म्हणून १६६९ साली प्रथम मांडली ती निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याने. लूथरन घरात जन्मलेला हा शास्त्रज्ञ १६६७ मध्ये कॅथलिक झाला, पुढे धर्मगुरू आणि नंतर बिशप झाला, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. भूस्तरशास्त्राचा पाया घालणारा माणूस वेदीवर पूजनीय ठरला, ही गोष्ट आपल्या प्रवचनांत फारशी येत नाही. यावयास हरकत नसावी.

आपल्या देशातील नदीकाठच्या थरांचा हवामानाशी संबंध जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न हेल्मुट डी टेरा आणि टी. टी. पॅटर्सन यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९३९ साली निघाला. त्याआधी १९३५ च्या अखेरीस डी टेरांबरोबर पंजाब आणि नर्मदा खोऱ्यात हिंडणाऱ्यांत पियेर तेयार द शार्दँ हे येशूसंघीय धर्मगुरूही होते. त्यांचे तत्त्वचिंतन पुष्कळांनी वाचले आहे. ते मुळात हाडे आणि माती पाहणारे भूशास्त्रज्ञ होते हे मात्र आपण विसरतो. युरोपात हिमयुगे आली आणि गेली. मग उष्ण कटिबंधातही त्यांच्या जोडीने ओले आणि कोरडे काळ आलटून पालटून आले असले पाहिजेत, अशी त्या पिढीची धारणा होती. १९४९ मध्ये लंडनचे प्राध्यापक झॉयनर भारतात आले आणि त्यांनी गुजरातच्या नद्यांत हाच प्रश्न हाताळला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. हसमुख सांकळिया यांनी ही दृष्टी प्रवरेवर आणली. १९५४ ते १९५६ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे येथे उत्खनन केले. ज्ञानेश्वरीमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले हे गाव त्यानंतर जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक झाले. येथे नदीच्या गोट्यांच्या थरांत हातकुऱ्हाडी सापडल्या, त्यांच्या वरच्या थरांत लहान आकाराच्या तासण्या आणि टोकदार हत्यारे सापडली. मध्याश्मयुगाच्या आधीचा हा नवा टप्पा भारतात प्रथम स्पष्टपणे ओळखला गेला तो येथेच. हत्यारांच्या सोबत रानबैलाची अश्मीभूत हाडेही मिळाली. हे सर्व एका सूत्रात ओवावयाचे तर सूत्र सोपे होते. मोठे दगडगोटे वाहून आणावयास जोरदार पाणी हवे, म्हणून गोट्यांचा थर म्हणजे भरपूर पावसाचा काळ. बारीक गाळ संथ पाण्यात बसतो, म्हणून गाळाचा थर म्हणजे कोरडा काळ. गोटे, गाळ, पुन्हा गोटे, पुन्हा गाळ. ओले, कोरडे, पुन्हा ओले, पुन्हा कोरडे. ही मांडणी सुबक होती, आणि पुष्कळ वर्षे विद्यार्थ्यांनी ती परीक्षेत लिहिली.

ती टिकली नाही. ती का टिकली नाही हे समजून घेण्यात या विषयाचे मर्म आहे, म्हणून थोडे थांबू.

आपण मुळेचा पूर पाहिला असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. कोरड्या वर्षांत एखाद्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस होतो आणि ओढा दोन तासांत बैलगाडीएवढे धोंडे आणून टाकतो. दगड हलवावयास वर्षभराचा पाऊस लागत नाही. एक दांडगा दिवस पुरतो. म्हणजे गोट्यांचा थर कोरड्या हवामानातही पडू शकतो. उलट, डोंगरउतारावर गवत आणि झाडी कमी झाली की माती सुटते. ती सारी नदीत येते. परंतु अशक्त मोसमी पावसाच्या काळात नदीला ती समुद्रापर्यंत वाहून नेण्याचे बळ नसते, म्हणून ती पात्रातच बसते. वर्षानुवर्षे असे होत गेले की खोरे गाळाने भरून येते. मग पाऊस सुधारला तर काय होते? उतारावर झाडोरा वाढतो, माती जागेवर राहते, नदीला ओझे कमी आणि जोर अधिक मिळतो. तेव्हा ती स्वतःच पूर्वी टाकलेल्या गाळात खोल कापत जाते. आज आपल्याला जी उभी दरड दिसते ती अशा कापण्याची खूण आहे. भरणे हे दुबळेपणाचे लक्षण आणि कापणे हे बळाचे.

पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दख्खनच्या वायव्य भागातील नद्यांचा असा वृत्तांत प्रसिद्ध केला. गाळात सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे कार्बन-१४ पद्धतीने कालमापन झाले होते. त्यावरून कोणता थर केव्हा पडला हे सांगता येऊ लागले. हिमयुगाच्या अखेरच्या हजारो वर्षांत, म्हणजे साधारण दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, या नद्या गाळ टाकीत होत्या. त्यानंतर त्या वेगाने खोल गेल्या. दोन्ही गोष्टींचा मेळ मोसमी पावसाच्या घटीशी आणि वाढीशी लागतो. त्याआधी गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने नेवाशाजवळच्या चिरकी येथे उत्खनन करून आणि प्रवरेच्या खोऱ्याची पायपीट करून मोठे काम केले होते. ते १९८१ पासून ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. एका परदेशी विदुषीने आमच्या नदीचा ओढान्‌ओढा पाहावा आणि आम्ही मात्र पुलावरून एस. टी. ने जावे, हे चित्र आम्हाला थोडे बोचते.

हिमयुग म्हटले की बर्फ डोळ्यांसमोर येते. राहुरीत बर्फ कधी आले नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, जेव्हा उत्तर युरोप बर्फाखाली होता, तेव्हा आमच्याकडे पडला तो अवर्षणाचा घाला. जगाचे पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता. वसईचा किनारा तेव्हा कितीतरी कोस पश्चिमेला होता. थंड पडलेल्या भूखंडाने समुद्रावरील वारे पूर्वीसारखे ओढले नाहीत आणि मोसमी पाऊस क्षीण झाला. त्या काळाच्या आसपासचा एक विलक्षण पुरावा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथे मिळाला. तेथे डॉ. एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. त्यांतील एकावर माणसाने नक्षी कोरलेली होती. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! उघड्या माळरानावरचा हा पक्षी त्या काळच्या भूमीविषयी पुष्कळ सांगून जातो. त्याच्या उलट मांजरा खोऱ्यातील गाळात पाणघोड्यांचे अवशेष मिळाले आहेत; पाणघोड्याला बारमाही डोह लागतो. एकाच पठारावर हे दोन्ही प्राणी नांदून गेले.

मग दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पाऊस परत कशामुळे आला? सर्बियाचे गणितज्ञ मिलांकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिशेब करून दाखविले होते की, पृथ्वीच्या आसाच्या डोलण्यामुळे आणि कक्षेच्या बदलामुळे उन्हाळ्यात उत्तर गोलार्धाला मिळणारे ऊन हजारो वर्षांच्या चक्राने कमी-अधिक होते. त्या सुमारास उन्हाळ्यातील ऊन आजच्यापेक्षा प्रखर होते. जमीन अधिक तापली आणि वाऱ्यांनी समुद्रावरून अधिक बाष्प आणले. आमच्या प्रवरेने गाळात जी खोल चीर घातली तिचे कारण शेवटी सूर्य आणि पृथ्वी यांच्या अंतराच्या गणितात सापडते.

दरडीच्या तळाकडे जावे तसा काळ अंधुक होतो. कार्बन-१४ चाळीस-पन्नास हजार वर्षांपलीकडे उपयोगी पडत नाही. नेवाशाच्या तळच्या थरातील चुनखडीचे युरेनियम-थोरियम पद्धतीने मापन झाले तेव्हा ती साडेतीन लाख वर्षांपेक्षा जुनी निघाली. किती जुनी, हे त्या पद्धतीला सांगता येत नाही. चुनखडीही हवामानाची साक्ष देते. पाऊस फार असेल तर चुना विरघळून वाहून जातो, अगदीच नसेल तर तो हलतच नाही. थोडा पाऊस आणि लांब उन्हाळा असेल तेव्हा तो जमिनीत खाली उतरून गोळ्यांच्या रूपाने साठतो. म्हणजे आजच्यासारखा अर्धकोरडा काळ आमच्या भूमीला लाखो वर्षे परिचित आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे तर ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. पहिले मापन चौदा लाख वर्षे निघाले. दुसऱ्यांनी ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची ठरविली. आणखी काहींनी मधले आकडे काढले. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

आता माणसाच्या वस्तीकडे येऊ. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद प्रवरेच्या काठी आहे. १९५८ मध्ये त्याचा शोध लागला. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड उपटताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार भरीव कांस्यशिल्पे सापडली. पुढे साळी यांच्या उत्खननात तेथे इ. स. पू. २२०० पासून इ. स. पू. १००० पर्यंतच्या पाच संस्कृतींचे थर उलगडले. दुसरा थर उत्तरकालीन हडप्पा लोकांचा. शेवटची संस्कृती जोर्वे. तिचे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडले.

दायमाबादच्या आरंभाचे साल लक्षात घ्यावे. ४,२०० वर्षांपूर्वी जगाच्या अनेक भागांत मोठे अवर्षण पडले. मेघालयातील मॉम्लू गुहेतील चुनखडीच्या स्तंभात त्याची ठळक खूण मिळाली, आणि २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासूनच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. आपल्या जवळचा साक्षीदार म्हणजे बुलढाण्याचे लोणार. राहुरीहून दोनशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या त्या सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरोवर आटले की पाण्यातील क्षार दाट होऊन गेल्युसाइट नावाचे स्फटिक बनतात. ते ज्या थरात, तो दुष्काळाचा थर. असे दोन दीर्घ काळ निघाले. पहिला ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे प्रवरेकाठची पहिली शेतकरी वस्ती उभी राहिली ती सुकाळात नव्हे, दुष्काळात. बहुधा पाण्याच्या शोधात माणसे नदीला चिकटली.

तीच वस्ती इ. स. पू. १००० च्या सुमारास उठली. दायमाबाद ओस पडले, नेवासे कित्येक शतके ओस राहिले. घोड नदीवरील इनामगाव तेवढे इ. स. पू. ७०० पर्यंत तग धरून होते. १९६८ ते १९८३ पर्यंत तेथे झालेल्या उत्खननात या उताराचे चित्र फार बारकाईने मिळाले. आधीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरे, धान्याचे कोठार, पाटाचे पाणी. नंतरच्या काळात लहान गोल झोपड्या आणि शिकारीवर वाढता भर. डॉ. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण पाऊस घटला असे दिले, आणि ते मराठी वाचकांच्या मनात पक्के बसले. आम्हालाही ते फार दिवस पुरेसे वाटत होते, कारण दुष्काळाने गाव उठते हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु लोणारचे आकडे पुन्हा पाहावेत. इ. स. पू. १००० हे साल दोन्ही दीर्घ दुष्काळांच्या बाहेर पडते. २०११ साली ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने इनामगावच्या बालकांच्या सांगाड्यांवर ग्रंथ लिहिला. त्या लोकांत मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. आईला ते दूर जाऊ द्यावयाचे नसावे. त्या लहानग्या हाडांत नंतरच्या काळातील खुंटलेली वाढ स्पष्ट दिसते. उपासमार होती, यात शंका नाही. मात्र आकाश एकाएकी फिरल्यामुळे ती आली, हे शुग यांना मान्य नाही. प्रदेश आधीपासूनच कोरडा होता, आणि माणसांची संख्या, शेतीची पद्धत व जमिनीची झीज यांचा गुंता पाहिला पाहिजे, असे त्या दाखवितात. आमचा कल त्यांच्याकडे आहे. याला एक उलटा दाखलाही देता येतो. लोणारचा दुसरा दुष्काळ इसवी सनाच्या आरंभी सुरू होतो, आणि नेमक्या त्याच शतकांत सातवाहनांचे पैठण वैभवात होते, नेवाशात रोमन मद्याचे कुंभ येत होते. १२९० साली तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तीही याच कोरड्या काळात. पाऊस कमी असताना एक समाज उठून गेला, दुसरा भरभराटला. तेव्हा गाव उजाड झाले की पावसाकडे बोट दाखविणे पुरेसे नाही. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या आणि आज मुळेच्या कालव्यावर ऊस काढणाऱ्या आमच्या लोकांनी हे ध्यानी घ्यावे.

लिहिलेला इतिहास आणि दगडातील इतिहास एकमेकांशी जुळतात, अशीही उदाहरणे आहेत. बस्तरमधील दंडक गुहेच्या चुनखडीत इ. स. ६०० ते १५०० पर्यंतच्या पावसाची नोंद सापडली. तीत चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस वारंवार दगा देताना दिसतो. दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका त्यातच बसतो. लोककथेला दगडाने दिलेला हा दुजोरा आम्हाला मोठा वाटतो.

आता मूळ पुराव्याविषयी. वाळूच्या कणाला शेवटचे ऊन केव्हा लागले हे मोजण्याची पद्धत आता आहे. दरडीत लोखंडी नळी ठोकून, उजेड न लागू देता नमुना काढतात आणि प्रयोगशाळेत मंद लाल प्रकाशात उघडतात. सांकळियांच्या काळी जे थर केवळ अंदाजाने लावले गेले त्यांचे कालमापन यामुळे होऊ शकते. त्यासाठी दरड जागेवर असावी लागते. नदीतील वाळू उपसली की पात्र खचते आणि काठ ढासळतो. शेते सपाट करण्यासाठी आणि विटभट्ट्यांसाठी गाळाची माती यंत्राने उचलली जाते. अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचे अहमदनगर) हे रोजचे दृश्य आहे.

मानोरी, वळण, केंदळ या मुळाकाठच्या गावांतील, तसेच प्रवरापट्ट्यातील शेतकरी बंधूंना म्हणून एक विनंती आहे. विहीर किंवा शेततळे खणताना खोलवरच्या थरात हाड, शिंपले, घडीव दगड, किंवा बोटांत चोळल्यास कचकचणारी पांढरी राख आढळली तर ती धुऊ नये आणि देव्हाऱ्यातही ठेवू नये. किती हातांवर, कोणत्या मातीत, वर काय आणि खाली काय होते, हे त्याच दिवशी कागदावर लिहावे, जागेचे छायाचित्र घ्यावे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. वस्तू हातात आली आणि थर विसरला, तर अभ्यासकाला तिचा फारसा उपयोग होत नाही.